न बसवलेल्या सळईचा इतिहास



पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं, आता लिटरेचर रिव्ह्यू लिहायला घ्यायचा, अशा टप्प्यावर असलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "जुने पेपर किती मागे जाऊन वाचायचे?" याचं उत्तर मी आधी "दहा वर्षं पुरे" असं द्यायचे. आता देत नाही. का देत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

दीड वर्षापूर्वी मी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य लिहिलं होतं. "शेव्हरोले कोर्व्हेअर या गाडीला पुढे अँटी-रोल बार नव्हता, त्यामुळे ती ओव्हरस्टीअर होत असे आणि त्यामुळे तिचे अपघात झाले." वाक्याला संदर्भ जोडला होता, व्याकरण नीट होतं, प्रस्तावनेत शोभूनही दिसत होतं. मॅडमनी दोन्ही "त्यामुळे"भोवती लाल शाईने गोल काढले आणि समासात एवढंच लिहिलं, "हे दोन्ही तुला कुठून कळलं?"

मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे. सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत जे हाती लागलं, ते इथे क्रमाने मांडते.

आधी सळई काय करते ते बघू

मी मूळची फिजिक्सची. एम.एस्सी. होईपर्यंत गाड्यांचं माझं ज्ञान स्कूटीत पेट्रोल भरण्यापुरतं होतं. म्हणून जसं मला समजलं, तसंच सांगते.

एसटीने घाट उतरताना वळणावर बस बाहेरच्या बाजूला कलते आणि खिडकीजवळचा माणूस शेजाऱ्याच्या अंगावर रेलतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. गाडीच्या या कलण्याला रोल म्हणतात. तो कमी करायला डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडणारी, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्टीलची सळई बसवतात. हाच अँटी-रोल बार. गॅरेजमध्ये याला स्टॅबिलायझर म्हणतात. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली, म्हणजे समजा गाडी स्पीडब्रेकरवरून सरळ गेली, तर सळई आपल्या जागी नुसती फिरते, काही करत नाही. एकच चाक वर गेलं, तर मात्र तिला पीळ बसतो आणि ती विरोध करते. हा विरोध सळईच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. २० मिलिमीटरची सळई काढून २२ मिलिमीटरची बसवली, तर ताठपणा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढतो. दिसायला फरक फक्त दोन मिलिमीटरचा.

इथपर्यंत सोपं आहे. पुढे एक गैरसमज आहे आणि त्यात मीही पडले होते. "सळई बसवली की वळणावर बाहेरच्या चाकांवर कमी वजन येतं," असं मी लिहिलं होतं. हे चूक आहे. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकणार, हे गाडीचं वस्तुमान, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. सळईमुळे ती बेरीज जवळपास बदलत नाही. बदलते ती वाटणी, म्हणजे त्या सरकलेल्या वजनातला किती हिस्सा पुढच्या चाकांनी घ्यायचा आणि किती मागच्या.

आता वाटणीने काय बिघडतं? इथे टायरचा स्वभाव आड येतो. टायरवर दुप्पट वजन दिलं म्हणून तो वळणावर दुप्पट पकड देत नाही, थोडी कमीच देतो. सोयीसाठी काही आकडे घेऊ. हे खऱ्या टायरचे नाहीत, हिशेबापुरते आहेत. समजा एका ठरावीक कोनात टायर १५० किलो वजनाला १३२ किलोची बाजूची पकड देतो, २०० ला १६८, २५० ला २००, ३५० ला २५२, ४०० ला २७२ आणि ४५० ला २८८. गाडी सरळ चालली असताना प्रत्येक चाकावर ३०० किलो आहेत आणि वळणावर एकूण २०० किलो वजन बाहेर सरकतं.

वाटणी समान असेल, तर पुढे १०० आणि मागे १००. पुढच्या जोडीवर २०० आणि ४०० असा भार येतो, पकड १६८ अधिक २७२, म्हणजे ४४०. मागेही ४४०. आता पुढे जाड सळई बसवली आणि वाटणी १५० आणि ५० अशी झाली. पुढच्या जोडीवर १५० आणि ४५०, पकड ४२०. मागच्या जोडीवर २५० आणि ३५०, पकड ४५२. एकूण सरकलेलं वजन तेवढंच, पण पुढची पकड घटली आणि मागची वाढली. तेवढीच पकड पुरवायची, तर पुढच्या टायरांना जास्त तिरकं व्हावं लागणार. म्हणजे ड्रायव्हरला स्टेअरिंग थोडं जास्त फिरवावं लागणार. यालाच अंडरस्टीअर म्हणतात. उलट मागचे टायर पुढच्यांपेक्षा जास्त तिरके होऊ लागले, तर तो ओव्हरस्टीअर. त्यात गाडीची शेपटी बाहेर जायला बघते आणि वळण आपोआप जास्त घट्ट होत जातं.

थोडक्यात, पुढची सळई पुढची पकड मुद्दाम थोडी कमी करते. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. सुरक्षेसाठी पकड कमी करायची? पण रस्त्यावरच्या साध्या ड्रायव्हरला घसरायला लागलेलं पुढचं चाक सांभाळणं सोपं जातं, वेग कमी केला की गाडी बहुधा परत वळणात येते. मागचं चाक सुटलं की सावरायला वेळही कमी आणि कौशल्यही जास्त लागतं.

शब्द नव्हता तेव्हा

आता इतिहास. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन इथल्या स्टीफन कोलमन यांना २२ एप्रिल १९१९ रोजी अशा सळईचं पेटंट मिळालं. तारीख लक्षात ठेवा. तोपर्यंत अंडरस्टीअर हा शब्दच जन्मला नव्हता. सळई आली ती डुलणं थांबवायला. तिचा वळणाशी काय संबंध, हे विचारायला लागणारी भाषाच नव्हती.

ती भाषा तुकड्यातुकड्यांनी तयार झाली. १९२५ साली फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूलिए पुढच्या चाकांच्या थरथरण्याचा अभ्यास करत होते. त्यांनी दाखवलं की बाजूने जोर आला की रबरी टायर तोंड असेल त्याच दिशेने जात नाही, थोडा तिरका चालतो. तो तिरकेपणा म्हणजे आजचा स्लिप अँगल. वर मी "टायर तिरका होतो" असं म्हटलं ते हेच. बघा, माणूस शोधत होता थरथर आणि सापडलं वेगळंच.

पुढचं नाव मॉरिस ऑली. हे रोल्स-रॉइसचे इंजिनिअर. त्या कंपनीच्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कारखान्यात होते, तिथून १९३० च्या अखेरीस ते कॅडिलॅकमध्ये, म्हणजे जनरल मोटर्समध्ये आले. तिथे त्यांनी १९३२ साली एक मोठी लिमोझिन घेऊन तिच्या पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लावली आणि प्रवास कधी सुखाचा होतो, हे शोधायला सुरुवात केली. त्यातून पुढच्या स्प्रिंगा मऊ हव्यात हे कळलं, मऊ स्प्रिंगांना जुना सलग आस चालेना, म्हणून पुढची चाकं स्वतंत्र केली गेली. १९३४ च्या मॉडेलांत ती रचना बाजारात आली. सुख शोधता शोधता गाडीची वळणावरची वागणूक बदलली आणि ती का बदलली, हे सांगण्याची पाळी आली. त्याच सुमारास गुडइयर कंपनीत फिरत्या ड्रमवर टायर दाबून त्याची बाजूची पकड मोजायला सुरुवात झाली होती. ते आकडे आणि गाडीची वागणूक यांची सांगड घालताना ऑलींनी अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअर हे शब्द रूढ केले.

इथे मी थांबले आणि वहीत एक ओळ लिहिली, "सळई १९१९, शब्द १९३० नंतर." मधल्या काळात या सळईबद्दल जे काही लिहिलं गेलं, त्यात अंडरस्टीअर शोधणं म्हणजे नसलेल्या माणसाचा पत्ता विचारण्यासारखं आहे. जुने पेपर वाचताना आजचा शब्द मागे नेऊन चिकटवायचा मोह आपल्याला फार होतो.

दोन चाकांचं गणित

शब्द आला तरी आकडा यायला आणखी वीस वर्षं लागली. १९४० साली जर्मनीत रीकर्ट आणि शुंक यांनी एक सोपं मॉडेल मांडलं. पुढची दोन चाकं मिळून एक, मागची दोन मिळून एक, गाडीची झाली सायकल. आजही प्रत्येक पुस्तकात पहिल्यांदा हीच सायकल येते.

मग आले विमानवाले. १९५२ पासून जनरल मोटर्सच्या पैशावर न्यू यॉर्क राज्यातल्या बफलोमधल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत गाडीच्या स्थैर्याचा अभ्यास सुरू झाला. विमान हवेत स्थिर राहतं की नाही, हे मोजण्याची रीत तिथे पक्की बसलेली होती. तीच त्यांनी गाडीला लावली. या गटाचे प्रमुख विल्यम मिलिकन. गृहस्थ विमानांच्या चाचण्या करायचे आणि शर्यतीही लावायचे. १९४८ साली वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्या शर्यतीत त्यांनी आपली बुगाटी एका वळणावर उलटवली. ते वळण आजही मिलिकन कॉर्नर म्हणून ओळखलं जातं! १९५६ साली या गटाचे पाच पेपर लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्समध्ये सादर झाले. गाडीच्या स्थैर्याचं आजचं शास्त्र बऱ्याच अंशी त्या पाच पेपरांवर उभं आहे.

त्यातला लिओनार्ड सेगल यांचा पेपर मी तीनदा वाचला. त्याचं कारण असं. सायकलच्या मॉडेलमध्ये डावं-उजवं नसतंच. पण आपली सळई काम करते ती डाव्या-उजव्यातल्या फरकावर. म्हणजे ज्या मॉडेलमधून अंडरस्टीअरचं प्रसिद्ध सूत्र निघतं, त्यातून सळई आधीच हद्दपार झालेली असते. तिचा परिणाम आणायचा, तर टायरच्या ताठपणाच्या आकड्यात बाहेरून बदल करावा लागतो. सेगलनी गाडीच्या कलण्याला तिसरी मोकळीक म्हणून समीकरणात जागा दिली. मी पहिल्या वर्षी सायकल मॉडेल वापरून "सळईचा परिणाम नगण्य" असा निष्कर्ष मोठ्या उत्साहाने काढला होता. अहो, नगण्य कसला, मीच तिला बाहेर ठेवलं होतं. मॉडेलने काय टाकून दिलंय, हे विचारल्याशिवाय मॉडेलचं उत्तर घ्यायचं नाही, हे मी तिथे शिकले.

कोर्व्हेअर

आता माझ्या वाक्याकडे येऊ. ऑक्टोबर १९५९ मध्ये शेव्हरोलेने १९६० चं मॉडेल म्हणून कोर्व्हेअर आणली. अमेरिकन गाड्यांत ही अगदी वेगळी होती. सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन मागे. त्यामुळे वजनाचा ६० टक्क्यांहून जास्त भाग मागच्या चाकांवर. मागचं सस्पेन्शन स्विंग अ‍ॅक्सल प्रकारचं. त्यात चाक वर-खाली होताना आसासकट झुलतं आणि जोराच्या वळणावर मागचा भाग उचलला गेला, तर बाहेरचं चाक आत मुडपू शकतं. आणि पुढे अँटी-रोल बार नाही.

मागे इंजिन असलेल्या गाड्यांचा धोका कुणाला ठाऊकच नव्हता, असं नाही. खुद्द ऑलींनी १९५३ साली युरोपातल्या गाड्यांवर लिहिताना या रचनेवर कडक टीका केली होती. फोक्सवॅगन बीटलही अशीच, मागे इंजिन आणि मागे स्विंग अ‍ॅक्सल. तिला १९६० च्या मॉडेलपासून पुढे अँटी-रोल बार मिळाला. म्हणजे ज्या वर्षी कोर्व्हेअर सळईशिवाय बाजारात आली, त्याच वर्षी बीटलला ती बसली.

मग कोर्व्हेअरच्या इंजिनिअरांनी काहीच केलं नव्हतं का? केलं होतं, आणि इथेच मला पहिला धक्का बसला. त्यांनी तेच काम टायरमधल्या हवेवर सोपवलं. पुढच्या टायरांत १५ पीएसआय आणि मागच्यांत २६ पीएसआय हवा ठेवायची, अशी सूचना होती. पुढे हवा कमी, म्हणजे पुढचा टायर मऊ, तेवढ्याच जोरासाठी तो जास्त तिरका होणार, म्हणजे अंडरस्टीअर. समीकरणात बघितलं तर सळई काय आणि हवा काय, दोन्ही एकाच पदावर परिणाम करतात. कागदावर दोन्ही उपाय सारख्या जातीचे.

रस्त्यावर मात्र नाहीत. सळई कारखान्यात एकदा बसवली की बसली. हवा दर आठवड्याला कमी होते आणि ती भरणारा माणूस तुमचं माहितीपुस्तक वाचत नाही. आपल्याकडेही पंपावर हवा भरताना "किती टाकू?" असं विचारून चारही चाकांत सारखीच टाकतात. चार चाकांत सारखी हवा गेली, की इंजिनिअरने ठेवलेला अंडरस्टीअर निघून गेला. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही, कारण रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर काहीच वेगळं जाणवत नाही.

सळई नंतर आली. १९६२ मध्ये ती जादा पैसे देऊन घ्यायच्या सस्पेन्शनच्या संचात मिळू लागली. १९६४ च्या मॉडेलमध्ये ती सरसकट बसवली गेली आणि मागे एक आडवा पाटाही आला. १९६५ च्या मॉडेलमध्ये तर मागचं सगळं सस्पेन्शनच नवीन झालं.

दोन अहवाल, दोन प्रश्न

नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. त्याचं पहिलं प्रकरण कोर्व्हेअरवर. तोपर्यंत शोरूममध्ये नवी, सुधारलेली कोर्व्हेअर उभी होती. प्रकरण होतं ते १९६० ते १९६३ च्या गाड्यांबद्दल. त्या गाड्या रस्त्यावर धावत होत्या आणि कंपनीवर शंभराहून जास्त दावे दाखल झालेले होते. पुढे जनरल मोटर्सने नेडर यांच्यामागे खासगी हेर लावल्याचं उघड झालं, मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली आणि सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. १९६९ मध्ये कोर्व्हेअरचं उत्पादन थांबलं.

माझा संदर्भ इथपर्यंतचाच होता. पुस्तक वाचलं, वाक्य लिहिलं, पुढे गेले. पण १९७२ साली अमेरिकन सरकारच्याच रस्ते सुरक्षा संस्थेचा अहवाल आला. त्यांनी १९६३ ची कोर्व्हेअर घेतली आणि तिच्यासोबत फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलियंट, फोक्सवॅगन बीटल आणि रेनो डॉफिन या गाड्या घेऊन चाचण्या केल्या. निष्कर्ष असा, की १९६० ते १९६३ च्या कोर्व्हेअरमध्ये ताबा सुटण्याचा किंवा उलटण्याचा धोका त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वेगळा म्हणावा इतका जास्त नाही.

त्याच अहवालात माझ्या कामाची दुसरी गोष्ट होती. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.४ पट होईपर्यंत ही गाडी इतर गाड्यांसारखीच अंडरस्टीअर होते. ०.४ ते ०.५ च्या दरम्यान ती बदलते, आधी तटस्थ आणि मग ओव्हरस्टीअर. म्हणजे माझं पहिलं "त्यामुळे" ज्या शब्दावर उभं होतं, तो शब्दच अर्धवट होता. "ती ओव्हरस्टीअर होत असे" असं नुसतं म्हणताच येत नाही. किती जोराच्या वळणावर, हे सांगावं लागतं. ०.४ हा जोर रोजच्या चालवण्यात क्वचित येतो. पण समोर अचानक काही आलं आणि स्टेअरिंग झटक्याने फिरवलं, तर येतो. ज्या ड्रायव्हरने वर्षभर गाडीला एकाच पद्धतीने वागताना पाहिलंय, त्याच्यासाठी ती नेमकी त्या क्षणी वेगळी वागणार.

मग नेडर चूक की सरकार चूक? या प्रश्नावर मी दहा दिवस घालवले आणि शेवटी लक्षात आलं की दोघांनी एकच प्रश्न विचारलेलाच नाही. नेडर विचारत होते, "जी सुधारणा ठाऊक होती, ती कंपनीने का केली नाही? सुरक्षेचा भार मालकाच्या हवा भरण्यावर का टाकला?" १९७२ चा अहवाल विचारत होता, "ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट आहे का?" पहिल्याचं उत्तर कंपनीच्या विरोधात आणि दुसऱ्याचं कंपनीच्या बाजूने, असं एकाच वेळी असू शकतं. त्यात काहीही विसंगती नाही.

आणखी एक बघा. तुलनेसाठी घेतलेल्या चार गाड्यांपैकी दोन, बीटल आणि डॉफिन, याच जातीच्या होत्या. मागे इंजिन, मागे स्विंग अ‍ॅक्सल. मी अहवालाला दोष देत नाही, त्यात फाल्कन आणि व्हॅलियंटही होत्याच. पण "इतरांपेक्षा वाईट नाही" हे वाक्य वाचताना ते इतर कोण, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. तुमचा विषय औषधांचा असो, मातीचा असो की शाळांचा, तुलनेचा गट ठरला की निम्मं उत्तर ठरलेलं असतं.

राहिलं दुसरं "त्यामुळे", म्हणजे अपघातांचं. ट्रॅकवरची चाचणी गाडी कशी वागते ते सांगते. ती गाडी कुणी, किती किलोमीटर, कोणत्या रस्त्यावर चालवली, ते सांगत नाही. ओव्हरस्टीअरमुळे अपघात झाले, असं लिहायचं तर तो पुरावा वेगळा आणावा लागतो. तो माझ्याकडे नव्हता. दाव्यांची संख्या होती, पण दाव्यांची संख्या म्हणजे अपघातांचं कारण नव्हे.

घराजवळचं उदाहरण

हे सगळं साठ वर्षांपूर्वीचं आणि अमेरिकेतलं, असं वाटेल. पण टाटा नॅनो आठवा. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती दाखवली गेली. इंजिन मागे. कधी एखादी जुनी नॅनो उभी दिसली, तर तिची चाकं नीट बघा. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद आणि मागचे १५५. हौस म्हणून कुणी असं करत नाही. मागे जास्त वजन आहे, तेव्हा पुढची पकड जरा कमी ठेवायची, हेच ते जुनं गणित. पुढच्या काळातल्या नॅनोला पुढे अँटी-रोल बारही आला. इथे एक फरक महत्त्वाचा वाटतो. टायरची रुंदी पंपावरचा मुलगा चुकून बदलू शकत नाही. कोर्व्हेअरमध्ये हवेवर सोडलेलं काम इथे गाडीच्या अंगातच बसवलं होतं.

आता माझं वाक्य

सात आठवड्यांनंतर प्रबंधात हे वाक्य गेलं: "१९६० ते १९६३ च्या कोर्व्हेअरमध्ये पुढे अँटी-रोल बार सरसकट नव्हता, अंडरस्टीअर मुख्यतः पुढच्या-मागच्या टायरमधल्या हवेच्या फरकाने राखला होता आणि साधारण ०.४ ते ०.५ जी या टप्प्यात गाडी ओव्हरस्टीअरकडे झुकत असे. हे वर्तन अपघातांना कितपत कारणीभूत होतं, यावर १९६५ आणि १९७२ चे निष्कर्ष वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात." वाक्य लांबलं, दिसायला पहिल्याइतकं देखणं नाही. मॅडमनी यावर काही लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण केली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्या शंभराहून जास्त दाव्यांत प्रत्येकामागे कुणीतरी जखमी झालेलं किंवा गेलेलं माणूस होतं. मी एका ओळीत त्यांचं कारण ठरवून मोकळी झाले होते, तेही संदर्भ एक जोडून. कंपनीवर अन्याय झाला असता की त्या माणसांवर, ते सांगता येत नाही. पण माझं वाक्य कुणाशीच प्रामाणिक नव्हतं.

तर, जुने पेपर किती मागे जाऊन वाचायचे? माझं आजचं उत्तर असं. तुमच्या प्रकरणातली "त्यामुळे", "म्हणून" आणि "परिणामी" असलेली वाक्यं वेगळी काढा. प्रत्येकाखाली तीन गोष्टी लिहा. हे कुणी मोजलं? कशाशी तुलना करून मोजलं? त्यांनी विचारलेला प्रश्न आणि माझा प्रश्न एकच आहे का? जिथवर या तिन्हींची उत्तरं मिळत नाहीत, तिथवर मागे जायचं. कधी ते पाच वर्षांत संपेल, कधी १९१९ पर्यंत जावं लागेल.

आणि हो, परवा आमच्या डिपार्टमेंटची गाडी घेऊन बाहेर निघालो, तर आधी चारही चाकांची हवा तपासली. दाराच्या चौकटीवर पुढची-मागची हवा किती ठेवायची, याचा छोटा तक्ता चिकटवलेला असतो. तुमच्या घरच्या गाडीवरही असेल. एकदा वाचून ठेवा.